आइस हॉकीत मारामारीला परवानगी नाही
सोलापुरात पार्क मैदानावर जमणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या हाणामारीचे व्हिडिओ फिरतात. सोबत ठरलेलं वाक्य: ‘तिथं मारामारीला मुभा आहे, पंच नुसते बघत बसतात.’ हे साफ चुकीचं आहे. नियम 46 नुसार भांडणाऱ्या दोघांना प्रत्येकी 5 मिनिटं बाहेर बसावं लागतं. कुरापत काढणाऱ्याला वर 2 आणि 10 मिनिटांची शिक्षा.

मग पंच लगेच मध्ये न पडता थांबतात कशाला? पायात धारदार स्केट, हवेत मुठी. घाईत एकाचेच हात धरले, तर दुसरा त्याला मोकळेपणी मारेल. म्हणून लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, जोडीनं शिरतात. कुणी पडला की लगेच. मुख्य पंच मागे राहून कोणी काय केलं ते टिपतात. ऑलिंपिकमध्ये तर भांडणारा थेट सामन्याबाहेर!