मेध्य आहार

आयुर्वेदात मेधा म्हणजे ऐकलेले, वाचलेले धारण करण्याची बुद्धीची शक्ती. तिला हितकर ते मेध्य. त्यावरून स्मरण, आकलन व एकाग्रता यांना पोषक मानलेल्या अन्नपदार्थांना व वनस्पतींना मेध्य आहार म्हणतात. आज हा शब्द प्रामुख्याने शिकत्या वयातील मुलांच्या आहाराबाबत वापरला जातो आणि दूध, तूप, भिजवलेले बदाम यांपासून ब्राह्मीच्या गोळ्यांपर्यंत बरेच काही त्यात बसवले जाते. संहितांतील (आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांतील) अर्थ याहून मर्यादित आहे.

शब्दाचा इतिहास : संस्कृतात ‘मेध्य’ हा शब्द दोन वाटांनी येतो. मेध (यज्ञ) या पुल्लिंगी शब्दापासून झालेल्या मेध्यचा अर्थ यज्ञास योग्य, म्हणून पवित्र. वैदिक वाङ्मयात व स्मृतिग्रंथांत हाच अर्थ सर्रास आढळतो. मराठीत विष्ठेला अमेध्य म्हणतात तेही त्यावरूनच. भगवद्गीतेत (१७.१०) तामस प्रकृतीच्या माणसाला आवडणाऱ्या अन्नाला अमेध्य म्हटले आहे, तेथे ‘अशुद्ध’ एवढेच अभिप्रेत आहे, बुद्धीचा संबंध नाही. वैद्यकग्रंथांतील मेध्य मात्र मेधा या स्त्रीलिंगी शब्दापासून झाला. मेधा शब्दाचे नाते अवेस्तातील (पारशांच्या धर्मग्रंथातील) ‘मज्दा’शी लावले जाते, तर मेध शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. दोन्ही शब्द मुळात एकच असावेत असेही सुचवले गेले आहे. तथापि ते वेगळे धरणेच अधिक सयुक्तिक दिसते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. पवित्र ते बुद्धिवर्धक, अशी सरमिसळ झाल्याने विद्यार्थ्याने सात्त्विक खावे, कांदा-लसूण-मांस वर्ज्य करावे, हा ब्रह्मचर्याश्रमाचा धार्मिक नियम पुढे वैद्यकीय सल्ला म्हणून मांडला जाऊ लागला. चरकसंहितेचा त्याला आधार नाही. तिच्या सूत्रस्थानात (अध्याय २७) तुपाचे गुण सांगताना आरंभच स्मृती, बुद्धी व अग्नी वाढवणारे असा केला आहे आणि त्याच अध्यायात मांसरस हा वय, बुद्धी, इंद्रिये व आयुष्य यांना बळ देणारा म्हटला आहे.

संहितांतील मेध्य रसायने : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात चार मेध्य रसायने (शक्तिवर्धक औषधे) येतात : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि मूळ व फुलांसह शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला लगदा). त्यांत ‘मेध्या विशेषेण च शङ्खपुष्पी’ असा शंखपुष्पीला अग्रमान आहे. या भागाचा काळ निश्चित सांगता येत नाही. अग्निवेशाच्या तंत्रावर (मूळ ग्रंथावर) चरकाने केलेला संस्कार सर्वसाधारणपणे इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास ठेवतात, काही अभ्यासक तो त्याहून मागे नेतात. रसायनाध्याय दृढबलाने पुढे पूर्ण केलेल्या भागात मोडत नाही, त्यामुळे तो संहितेच्या जुन्या थरातला मानण्यास हरकत नसावी. सुश्रुतसंहितेत या विषयासाठी ‘मेधायुष्कामीय’ हा स्वतंत्र अध्याय आहे (चिकित्सास्थान, २८). काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात सुवर्णप्राशनाने (सोने चाटवल्याने) मूल महिन्यात परम मेधावी व सहा महिन्यांत श्रुतधर, म्हणजे एकदा ऐकलेले लक्षात ठेवणारे होते, असे म्हटले आहे. पुष्य नक्षत्राच्या दिवशी मुलांना सुवर्णप्राशन देण्याची सध्याची प्रथा या वचनाचा आधार घेते.

चरकाची परिभाषा येथे लक्षात घेण्याजोगी आहे. प्रज्ञेची तीन अंगे तो मानतो : धी (समज), धृती (मनाला आवर) व स्मृती. विषयांकडे धावणारे मन धृती ढळली की आवरता येत नाही, असे शारीरस्थानात म्हटले आहे. आज ज्याला एकाग्रता म्हणतात ती स्मृतीपेक्षा या धृतीच्या जवळची आहे.

ब्राह्मी कोणती? : मेध्य वनस्पतींत लोकांना सर्वाधिक ठाऊक असलेली ब्राह्मी चरकाच्या वरील चौघींत नाही, तेथे मंडूकपर्णी आहे. व्यवहारात मात्र ब्राह्मी या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पहिली सेंटेला एशियाटिका. ही कोथिंबीर-गाजराच्या कुळातली; जमिनीवर सरपटणारे, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरणारे खोड आणि लांब देठावर एकेकटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, दातेरी काठाचे पान. पाटाच्या कडेला, माडाच्या आळ्यात, जेथे म्हणून ओल टिकते तेथे ती पसरते. कोकणात हिला कारिवणा म्हणतात. दुसरी बाकोपा मोनिएरी ऊर्फ नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी. हीही पाणथळीतच वाढते, पण पाने नखाएवढी, मांसल, बिनदेठाची, समोरासमोर आलेली; फूल पांढुरके किंवा फिकट जांभळे. पान चघळले की शंका उरत नाही : नीरब्राह्मी कडूजहर, कारिवण्याचे पान तुरट-कडसर.

केरळातील वैद्यपरंपरा पूर्वीपासून बाकोपालाच ब्राह्मी म्हणते. उत्तर भारतात व महाराष्ट्रातही बऱ्याच ठिकाणी सेंटेलाच ब्राह्मी म्हणून चालत आली. घोळाचे एक कारण निघंटूंत (औषधी द्रव्यांच्या कोशांत) सापडते. सोळाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या भावप्रकाशात ब्राह्मी व मंडूकपर्णी यांचे वर्णन एकत्र आहे आणि दोहोंचे गुण सारखेच सांगितले आहेत. मग बाजारात एकीच्या जागी दुसरी गेली तर वैद्याला हरकत घ्यायचे कारण उरले नाही. दोन्ही नावे एकाच वनस्पतीची, असा एक पक्ष आहे. त्याविरुद्ध मुख्य मुद्दा सुश्रुताचा : एकाच अध्यायात तो मंडूकपर्णी व ब्राह्मी यांचे प्रयोग स्वतंत्रपणे सांगतो. वनस्पती एक असती तर ही पुनरुक्ती ठरली असती. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने ब्राह्मी म्हणजे बाकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला अशी वाटणी स्वीकारली असून तीच ग्राह्य धरणे सोयीचे आहे. डोक्याला लावायच्या ब्राह्मी तेलाला या वादाची फारशी झळ लागलेली नाही.

शंखपुष्पीबाबतही असाच घोळ आहे. औषधिकोशात ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस आहे. केरळात गोकर्णीला शंखपुष्पी मानतात, तर काही ठिकाणी विष्णुक्रांता वापरतात. त्यामुळे ‘शंखपुष्पी घेतली’ या विधानावरून कोणती वनस्पती पोटात गेली हे ठरवता येत नाही.

आधुनिक चाचण्या मुख्यतः बाकोपाच्या अर्कावर झाल्या आहेत. २००१-०२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात झालेल्या दोन चाचण्यांत प्रौढांनी सुमारे तीन महिने अर्क घेतल्यावर नव्याने शिकलेले टिकून राहण्यात काहीसा फरक दिसला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू केलेल्या गोळ्यांना या निष्कर्षांचा आधार मिळत नाही. शिवाय हे निष्कर्ष प्रौढांवरून काढलेले आहेत. शाळकरी मुलांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

घरगुती परंपरा : महाराष्ट्रात तान्ह्या मुलाला देण्याच्या बाळगुटीत वेखंड, ज्येष्ठमध, बदाम, खारीक, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ इ. जिन्नस असतात. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून निववलेल्या पाण्यात प्रत्येकाचे मोजून वेढे द्यायचे : बदाम-खारकेचे जास्त, जायफळाचा एखादाच, नाहीतर मूल दिवसभर झोपते. वेखंडाने वाचा लवकर फुटते, बुद्धी तल्लख होते असा समज आहे. वेखंडातील बीटा-ॲसरोन हे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत घातक आढळल्याने अमेरिकेत १९६८ साली अन्नात वेखंड वापरण्यास बंदी झाली. गुटीतली मात्रा अत्यल्प असली तरी हल्ली बालरोगतज्ज्ञ गुटीलाच प्रतिकूल असतात. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, हे समीकरण आकारसाम्यावर बेतलेले आहे. त्यातील स्निग्धाम्ले उपयुक्त आहेत, ती निराळ्या कारणाने.

विद्यार्थ्याचे अन्न : मेध्य द्रव्यांची चर्चा ग्रंथांत होत असताना प्रत्यक्षात विद्यार्थी काय खात होता, हे पाहणे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यासारख्या ठिकाणी शिकायला आलेले गरीब ब्राह्मण मुलगे माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या वाराला घर मिळाले नाही त्या वारी उपास. इतर जातींच्या मुलांना ही सोयही नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. रयत शिक्षण संस्थेचे (स्थापना १९१९) कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. स्मृती वाढवण्याचा प्रश्न येथे नव्हता. मूल उपाशीपोटी वर्गात बसू नये, एवढाच होता. पुढील संशोधनाचा कल पाहता तोच प्रश्न मूलभूत ठरतो.

आधुनिक दृष्टी : मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. लहान मुलांत हा वाटा पुष्कळ अधिक असतो. मेंदूत ग्लुकोजचा साठा नगण्य असल्याने रक्तातून अखंड पुरवठा लागतो. ग्रामीण जमैकात सुमारे ८०० मुलांवर वर्षभर झालेल्या चाचणीत (१९९८ साली प्रसिद्ध) शाळेत न्याहारी मिळालेल्या मुलांची हजेरी व वजन थोडे वाढले, तर गणितातील प्रगती लहान वर्गांतच दिसली. केनियातील एम्बू जिल्ह्यात १९९८ ते २००० या काळात १२ शाळांत मका व घेवड्याच्या स्थानिक खाद्यात कोठे मांस, कोठे दूध, कोठे नुसते तेल वाढवून दिले. तर्कबुद्धीच्या आकृतिचाचणीत मांस मिळालेला गट इतर सर्व गटांच्या, दूधवाल्यांच्याही पुढे गेला. लोह, जस्त व ब१२ जीवनसत्त्व हे त्याचे संभाव्य कारण मानतात.

माशाच्या तेलाबाबतचा अनुभव बोधक आहे. ऑक्सफर्ड येथे ७ ते ९ वर्षांच्या मुलांना डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल दिल्यावर वाचनात सर्वांत मागे असलेल्यांना काही लाभ झाल्याचे २०१२ साली जाहीर झाले; त्याच गटाने केलेल्या पुढील चाचणीत (२०१८) तो लाभ पुन्हा दिसला नाही. एकंदरीत, उणीव असलेल्या मुलाची उणीव भरून काढल्याचा परिणाम दाखवता येतो. पोटभर व चौरस खाणाऱ्या मुलाला वरून काही दिल्याचा परिणाम दाखवणे अवघड जाते.

भारतात उणीव मुख्यतः लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली व ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. लोह रक्तासाठी लागते तसेच मेंदूतील डोपामीन हे संदेशवाहक द्रव्य तयार करणाऱ्या विकरासाठी (एन्झाइमसाठी) व मज्जातंतूंच्या आवरणासाठीही लागते. त्यामुळे वर्गात पेंगणारे, चिडचिडे, लक्ष न लागणारे मूल पुष्कळदा आळशी नसून रक्तक्षयी असते. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा ४५ मिग्रॅ. लोहाची गुलाबी व १० ते १९ वर्षांच्यांना ६० मिग्रॅ. लोहाची निळी गोळी, फॉलिक आम्लासह, देतात. आयोडिनाच्या अभावाने बौद्धिक वाढ खुंटते. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या आयोडिनयुक्त मिठाच्या प्रयोगानंतर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

शालेय पोषण आहार ही देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, पण आरंभी बऱ्याच राज्यांत मुलांना घरी न्यायला कोरडे धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे भाग पडले. पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅ. प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅ. प्रथिने असे प्रमाण आहे. लहान मुलाच्या ताटात १०० ग्रॅ. तांदूळ, २० ग्रॅ. डाळ, ५० ग्रॅ. भाजी व ५ ग्रॅ. तेल धरले जाते. महाराष्ट्रात २०२३ साली आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असा निर्णय झाला. त्यावर झालेल्या वादात अंड्याला विरोध करणाऱ्यांचा भर पोषणापेक्षा पावित्र्यावर, म्हणजे मेध्य शब्दाच्या पहिल्या अर्थावरच होता.

आहारातील लोह अंगी लागण्यात जेवणाच्या वेळेचा व जोडीचा वाटा मोठा असतो. चहातील टॅनिनामुळे वनस्पतिज लोहाचे शोषण घटते, क जीवनसत्त्वामुळे वाढते. पोह्यांवर पिळलेले लिंबू, उसळीबरोबरची पेरू-आवळ्याची फोड यांचा या दृष्टीने उपयोग आहे. न्याहारीसोबत घेतलेला चहा तो बराचसा घालवतो. लोहाची गोळी पोटाला त्रास होऊ नये म्हणून जेवणानंतर देतात; ती पाण्याबरोबर घेऊन त्यानंतर तासभर चहा टाळण्यास सांगतात ते मात्र टॅनिनामुळे.