नियतिवाद (आजीवक संप्रदाय)

माणसाचे सुखदुःख, जन्म, मृत्यू आणि मोक्षदेखील आधीच ठरलेला असून प्रयत्नाने त्यात तसूभरही फरक पडत नाही, असे मानणारे मत. भारतात ते सर्वांत टोकाला नेले आजीवकांनी. बुद्ध-महावीरांचा समकालीन मक्खली गोसाल हा त्यांचा प्रमुख आचार्य. ८४ लाख महाकल्पांचा (अतिप्रदीर्घ कालखंडांचा) फेरा संपला की शहाण्याच्या आणि मूर्खाच्या दुःखाचा सारखाच अंत होतो, फेकलेली सूतगुंडी दोरा संपेपर्यंत उलगडते तसा, असे त्याचे मत दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातील सामञ्ञफल सुत्तात दिले आहे.

कर्मवादाशी याची गल्लत करू नये. ‘नशिबात होतं’ आणि ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे आपण एका दमात बोलतो. पण भोग म्हटले की ते कुणीतरी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेले असतात. गोसालाला हेही मान्य नव्हते. पुण्य-पापाने पुढचे काही घडत-बिघडत नाही, असे तो सांगे.

या मताची खरी कसोटी ‘उवासगदसाओ’ या जैन आगमात दिसते. पोलासपूरचा सद्दालपुत्त कुंभार आजीवकांचा अनुयायी होता. त्याची मडकी उन्हात वाळत असताना महावीरांनी विचारले, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? प्रयत्नावाचून, सारे नियतच आहे, असे तो म्हणाला. मग कुणी ही मडकी फोडली, तुझ्या बायकोवर हात टाकला, तर? त्याला बडवीन, जिवे मारीन, असे उत्तर येताच महावीरांनी त्याला पकडले : सारे नियत असेल, तर त्याचा दोष काय? सद्दालपुत्त महावीरांचा उपासक झाला.

युक्तिवाद भेदक आहे, तरी त्याने नियतिवाद खोटा ठरत नाही. कुंभाराचा संतापही नियतच होता, असे आजीवकाला म्हणता आले असते. सिद्ध होते ते एवढेच की दोष आणि शिक्षा मानणाऱ्याला हे मत रोजच्या जगण्यात पाळता येत नाही. सर्व ठरलेले असताना आजीवक भिक्षू खडतर तप का करीत, हा प्रश्नही तितकाच अवघड आहे. त्यांचे स्वतःचे ग्रंथ उरलेले नाहीत. जे कळते ते बहुतांशी बौद्ध आणि जैन प्रतिपक्षाकडून, त्यामुळे त्यांची बाजू पुरती मांडली गेली असे समजता येत नाही.

संप्रदाय मात्र दुबळा नव्हता. अशोकाने राज्याभिषेकानंतर १२ वर्षांनी बिहारमधील बराबर टेकड्यांतील लेणी आजीवकांना दिली. त्याचा नातू दशरथ याने जवळच्या नागार्जुनी टेकडीतील तीन लेणी दिली. दक्षिणेत हे लोक साधारण चौदाव्या शतकापर्यंत टिकून होते.