विणीच्या दिवसांत बास गळाला लागत नाही?

‘वसंतात बास अंडी घालायला उथळ पाण्यात आला की खात नाही, मग गळ टाकून उपयोग काय?’ बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आणि अमेरिकेतल्या तळ्यांवर त्याच्याबद्दल हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच टिकलाय.

पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअसला पोचलं की लार्जमाउथ जातीच्या बासचा नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखणीला नरच. या काळात तो फारसं खात नाही, कबूल. पण अंड्यांवर डोळा ठेवून ब्लूगिल हा छोटा मासा आला की अंगावर धावतो, आणि मऊ प्लॅस्टिकचं आमिष घरट्यात पडलं तरी तेच. तोंडात धरायचं, बाहेर नेऊन थुंकायचं. दोरी नुसती बाजूला सरकते. झटक्याची वाट बघत बसणाऱ्याला ते कळतही नाही, आणि वर म्हणतो, मासा खात नाही!

त्याआधीचे आठवडे तर खाण्याचेच. गार पाण्यात जर्कबेटला, म्हणजे झटके देत ओढायच्या माशाच्या आकाराच्या नकली आमिषाला, दोन झटके देऊन थांबा, चांगलं पाच-दहा सेकंद.

घरट्यावरचा नर गळाला लागला तर मात्र लगेच तिथेच सोडा. तो हलला की ब्लूगिल काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. कॅनडात ओंटारिओच्या बऱ्याच भागांत बासची मासेमारी जूनपर्यंत बंद असते, ती याच विणीसाठी.