बकरीची लस गाईला का टोचली?

दवाखान्यासमोर खोड्याशी, म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीशी, ढोरं उभी करून लम्पीची लस सुरू झाली, की एक जण विचारतोच, "डॉक्टरसाहेब, बकरीची लस गाईले कशी चालीन?" कुपीवरचं नाव वाचणारं पोरगं आता प्रत्येक घरात आहे. प्रश्न वेडगळ नाही, पण त्याचं नीट उत्तर खोड्याशी द्यायला कोणालाच वेळ नसतो.

लम्पी हा ढोरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग, मूळचा आफ्रिकेतला. झांबियात 1929 मध्ये त्याची पहिली नोंद झाली आणि पुढची कित्येक दशकं तो त्या खंडातच राहिला. भारतात 2019 मध्ये ओडिशात सापडला. महाराष्ट्रात तो आला 2020 मध्ये, गडचिरोलीच्या सिरोंच्याकडून. पण कोणालाही विचारा, लम्पीची सुरुवात ऑगस्ट 2022 मध्ये जळगावच्या रावेर तालुक्यातल्या चिनावलपासून सांगतात. पूर्व विदर्भातलं 2020 साल हिशेबातच धरलं जात नाही. कोरोनाच्या गडबडीत गडचिरोलीच्या गाईंकडे कोण बघणार होतं, हे समजतं; तरी त्या दोन वर्षांत पुष्कळ करता आलं असतं असं मला वाटतं.

घोळ वाढवला तो 'देवी' या शब्दाने. अंगभर गाठी दिसल्यावर म्हाताऱ्यांनी "देवी आल्या" म्हटलं, आणि देवी आल्यावर सुई टोचायची नाही ही जुनी समजूत. कडुलिंबाचा पाला गोठ्याला बांधला, ढोराला पाजलं काहीच नाही. तिकडे सरकारी कागदावर लसीचं नाव 'शेळ्यांची देवी'. म्हणजे रोग लम्पी, लस देवीची, तीही शेळीच्या. खरं तर शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तिन्ही विषाणू सख्खे भाऊ आहेत. एकाची ओळख पटलेलं शरीर दुसऱ्यालाही बऱ्यापैकी अडवतं. माणसाच्या देवीचा विषाणू याच घराण्यातला, पण दुसऱ्या शाखेचा. लम्पी माणसाला होत नाही.

2019 मध्ये रोग आला तेव्हा देशात लम्पीची स्वतःची लस नव्हती. परदेशात होती, पण लम्पीच्याच जिवंत विषाणूची. बाहेरचा विषाणू आपल्या गोठ्यात आणायचा, वर काही जनावरांत त्या लसीनेच ताप, गाठी येतात आणि दूध घटतं. शेळ्यांची लस इथेच बनत होती, कारखाने चालू होते. म्हणून तीच गाईला, सुमारे 1 मिली, कातडीखाली. आधी बाधित गावाच्या 5 किलोमीटर परिघात, आणि 2022 मध्ये अकोला-बुलढाण्याकडे आकडे चढल्यावर राज्यातल्या सगळ्याच गोवंशाला, म्हणजे साधारण 1 कोटी 40 लाख जनावरांना. टीका झाली, अजून होते: दुसऱ्याचं औषध, पुरावा किती? पण याच लम्पीच्या विषाणूपासून केलेली देशी लस जाहीर झाली 10 ऑगस्ट 2022 ला. जाहीर होणं वेगळं आणि कुपीत भरून तालुक्याला पोचणं वेगळं. तोवर हातावर हात धरून बसायचं होतं का? निर्णय बरोबर होता. उशिरा झाला, एवढंच.

शेळीचा हा उपकार पहिला नाही. बुळकांडी या ढोरांच्या साथीच्या रोगाने पूर्वी गोठेच्या गोठे रिकामे केले. तिचा विषाणू 1920 च्या दशकात शेळीच्या अंगातून पुन्हा पुन्हा फिरवून मवाळ केला आणि त्याचीच लस देशभर ढोरांना टोचली. मोहीम 1954 पासून चालली, भारतातली शेवटची साथ 1995 ची. आज तिशीतल्या कास्तकाराला बुळकांडी फक्त शिवीत ठाऊक आहे.

बाकीचं लवकर सांगून होतं. सप्टेंबर 2022 मध्ये जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याखाली बैलबाजार बंद झाले. मेलेल्या गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार, वासरामागे 16 हजार मदत ठरली. रोगावर नेमकं औषध नाहीच. तापाचं इंजेक्शन, जखमेत पू होऊ नये म्हणून प्रतिजैविक, आणि मुख्य म्हणजे गोचीड, डास, चावऱ्या माश्या आवरणं. मानेखालची गळपोळी सुजून पखालीसारखी लोंबते, पाय खांबासारखे होतात, आणि बैलाच्या खांद्यावरच गाठ फुटली तर त्या हंगामात जू ठेवता येत नाही.

2023 मध्ये साथ परत आली तेव्हा "लस फुकट गेली" असं बाजारात बोललं गेलं. त्या खेपेला वासरं जास्त सापडली. चार महिन्यांखालच्या वासराला लस द्यायची नव्हती, आणि मोहिमेनंतर जन्मलेल्यांना ती मिळालीच नव्हती. आमच्या शेजारची गवळाऊ गाय 2022 मध्ये आजारातून उठली. मानेवर रुपयाएवढे डाग आहेत, तिथे केस परत आले नाहीत. तिची पुढच्या वर्षीची कालवड मात्र गेली. तिला लस टोचायचा दिवस अजून तीन आठवड्यांवर होता.