‘मूळ रक्कम परत’ म्हणजे फुकटचा फायदा नव्हे

एकरकमी पैसे भरून आजन्म पेन्शन घेताना एक सल्ला हमखास मिळतो: ‘मूळ रक्कम परत’वाला (म्हणजे मृत्यूनंतर भरलेली रक्कम वारसांना परत देणारा) पर्याय घ्या, पेन्शनही मिळते आणि भांडवलही शाबूत! तसं नसतं. त्या परताव्याची किंमत दर महिन्याच्या पेन्शनमधून आधीच वळती झालेली असते. म्हणून तर तेवढ्याच पैशांत ‘फक्त हयातीपुरती’ पेन्शन जास्त बसते. शिवाय वारसांना मिळतो तो जुनाच आकडा. महागाई ६ टक्के धरली, तर २४ वर्षांनी १०० ची किंमत आजच्या जेमतेम २५ एवढी उरते.

मागे जोडीदार असेल तर आधी संयुक्त पर्याय (आपल्यानंतर जोडीदारालाही हयातभर पेन्शन) बघा. त्यात पश्चात पूर्ण पेन्शन की निम्मी, हे अर्जावर बारकाईने वाचा (इथेच बहुतेक जण घाई करतात). पेन्शन सुरू झाली की पर्याय सहसा बदलता येत नाही.