एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून शॉक लागणार नाही? चूक!

तासगाव-मिरजेकडे घरोघरी हा समज पक्का बसलाय. पण एमसीबी पडते ती ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर. ती वायरिंग वाचवते, माणूस नाही. करंट उतरलेल्या मोटरीला ओला हात लागला, तर अंगातून शंभरेक मिलीअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा जेमतेम दहावा हिस्सा करंट जातो. जीव जायला तेवढा पुरतो, १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र पत्ताही लागत नाही.

माणसासाठी असते ती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं पूर्ण परत आला नाही, म्हणजे वाटेत कुठंतरी गळाला, की ती क्षणात सप्लाय तोडते. सोबत अर्थिंगही धड हवं. आणि कृपा करून, ‘सारखी पडते’ म्हणून ती बायपास करू नका. वायरमनकडून गळती शोधून घ्या. बहुतेकदा गिझरची कॉइल किंवा मोटरीच्या केबलचा ओला जॉइंटच सापडतो.