उचिदा, मित्सुको

(२० डिसेंबर १९४८ – ). पाश्चात्त्य अभिजात संगीतातील जपानी-ब्रिटिश पियानोवादक. जन्म जपानमधील अतामी या किनाऱ्यावरच्या गावी. वडील राजनैतिक सेवेत होते. त्यांची व्हिएन्नाला नेमणूक झाली तेव्हा मित्सुको बारा वर्षांच्या होत्या. तिथल्या संगीत अकादमीत त्या रिचर्ड हाउझर यांच्याकडे शिकल्या, चौदाव्या वर्षी त्याच शहरात पहिला एकल कार्यक्रम केला आणि वडिलांची बदली झाल्यावरही मागे राहिल्या. १९६९ मध्ये व्हिएन्नाच्या बेथोव्हन स्पर्धेत पहिला, १९७० मध्ये वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत आणि १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला.

नाव खऱ्या अर्थाने झाले ते मात्र स्पर्धांमुळे नव्हे, तर मोझार्टमुळे. १९८२ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्यांनी मोझार्टचे सगळे सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचना) वाजवले. पुढे वाद्यवृंद-संचालक जेफ्री टेट आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा यांच्यासोबत त्याच्या कन्चेर्टोंचे, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांचे, ध्वनिमुद्रण केले. अमेरिकेतील क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत त्यांतले काही कन्चेर्टो त्यांनी पुन्हा मुद्रित केले, आणि या वेळी पियानोवर बसूनच वाद्यवृंदाचे संचालनही केले. त्यातल्या २३ व २४ क्रमांकांच्या मुद्रणाला २०११ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

असे संचालन दिसते त्याहून अवघड असते. पियानोचे झाकण पूर्ण काढतात, त्याचे शेपूट वाद्यवृंदात सारतात आणि वादक श्रोत्यांकडे पाठ करून बसतो. वाद्यवृंदातल्या वादकांशी नजरानजर होते, पण झाकण नसल्याने आवाज सभागृहाकडे न वळता वर जातो आणि तारसप्तकाची धार बोथट होते. उजव्या हाताने सूर मुद्दाम पुढे आणावा लागतो. दोन्ही हात गुंतलेले असताना इशारा द्यायला मान आणि श्वास एवढेच उरतात. इशारा क्षणभर उशिरा गेला, तरी सुषिरवाद्यांचा प्रवेश विस्कटतो.

शूबर्ट हे त्यांचे दुसरे घर. त्याच्या शेवटच्या सोनाटात (शूबर्टच्या रचनांच्या सूचीत डी ९६०) आठव्या मापात, म्हणजे तालाच्या आठव्या गटात, खर्जात एक अगदी हलका कंप येतो. तिथे स्वर वेगवेगळे मोजता आले तर तो खडबडीत वाटतो, पेडल जास्त दाबले तर नुसता गढूळपणा उरतो. हाच कंप पहिल्या भागाच्या पुनरावृत्तीकडे नेणाऱ्या मापांत एकदाच गडगडून येतो; पुनरावृत्ती गाळणारा वादक तो गमावतो.

संगीतकार शोनबर्गचा १९४२ चा पियानो कन्चेर्टो त्यांनी संचालक पिएर बुलेझ यांच्यासोबत मुद्रित केला. बारा स्वरांच्या क्रमावर बांधलेली ही रचना रुक्ष मानली जाते. उचिदांच्या हाती तिचा आरंभ सरळ वॉल्ट्झसारखा (तीन मात्रांच्या नृत्यासारखा) डोलतो, आणि तो तसाच आहे.

२००९ मध्ये त्यांना ब्रिटनचा ‘डेम’ किताब, तर २०१५ मध्ये जपानचा प्रेमियम इम्पेरियाले पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील व्हर्मॉन्टमधल्या मार्लबरो संगीत शिबिराच्या त्या अनेक वर्षे कलासंचालक आहेत. तिथे ज्येष्ठ आणि तरुण वादक एकाच गटात आठवडेच्या आठवडे तालीम करतात. कार्यक्रमात काय वाजणार हे जेमतेम आठवडाभर आधी ठरते, आणि तालमीत घेतलेल्या बहुतेक रचना श्रोत्यांसमोर येतच नाहीत.